बाईंना विचारा : तिसऱ्या पक्षाला दिलेले मत

या खेपेस राजकारणावरची पत्रे जास्त आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी एकच गोष्ट विचारली आहे : गोव्यात काँग्रेस आणि भाजप यांच्याखेरीज मधल्या वाटेने जाणारा पक्ष उभा राहू शकतो का? विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तरे लांबली. आरोग्य आणि परीक्षांवरची पत्रे पुढच्या अंकात घेईन.

प्रश्न : बाई, मी डिचोली तालुक्यातला. वय 26, वेर्ण्याला कारखान्यात कामाला आहे. आमच्याकडे आजोबा सिंहाचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगो), बाबा कमळाचे, मामाकडचे हाताचे. चवथीला सगळे जमले की वाद ठरलेला. मला सरळ, मध्यम बोलणाऱ्या पक्षाला मत द्यावेसे वाटते. पण कंपनीच्या बसमध्ये सगळे म्हणतात, 'तिसऱ्याक मत म्हळ्यार मत फुकट.' खरेच फुकट जाते का?

उत्तर : फुकट जात नाही. ते जिंकेलच असे मात्र मी सांगणार नाही.

आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मते, तो आमदार. निम्म्याहून जास्त मिळवण्याची गरज नसते. 2022 साली भाजपला राज्यभरातून साधारण एक तृतीयांश मते पडली आणि जागा मिळाल्या चाळीसपैकी वीस. बाकीची मते काँग्रेस, मगो, आम आदमी, तृणमूल, रिव्होल्युशनरी गोवन्स, गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांत वाटली गेली. या पद्धतीत राज्यभर थोडी थोडी मते मिळवणारा पक्ष मागे राहतो आणि एकाच तालुक्यात मुळे धरून असलेला पक्ष आमदार आणतो. त्याच निवडणुकीत रिव्होल्युशनरी गोवन्सला मगोपेक्षा जास्त मते होती. तरी त्यांचा आमदार आला एक, सांत आंद्रेचा, तोही शंभराच्या आतल्या फरकाने. मगोचे आले दोन.

आता दुसरी बाजू. विधानसभेत आठ टक्के वैध मते मिळाली की आमदार कितीही असोत, पक्षाला राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळते आणि चिन्ह राखीव होते. रिव्होल्युशनरी गोवन्सला ती मान्यता मिळाली ती हरलेल्या उमेदवारांना पडलेल्या मतांच्या बळावर. बसमधल्या लोकांच्या हिशेबाने फुकट गेलेली तीच मते. उमेदवाराची अनामत रक्कमसुद्धा एक षष्ठांश मतांवर वाचते. आणि आपले मतदारसंघ लहान आहेत, सरासरी तीस हजारांच्या आत मतदार. मतदान होऊन मते तीन-चार ठिकाणी वाटली गेली की दहा-बारा हजारांत माणूस निवडून येतो. उत्तर प्रदेशातल्या नव्या पक्षाला जे जमणे कठीण, ते इथे पाच-सहा गावे नीट बांधली तर जमते.

पण गावे बांधायला हवीत. मी नोकरीत असताना दर निवडणुकीला मतदान केंद्राची ड्युटी करायचे, बहुधा केंद्राध्यक्ष म्हणून. पहाटे मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घेताना उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले लागतात. मोठ्या दोन पक्षांचे हमखास असत. मतदार यादीवर रेघा मारायला एक, जेवणाच्या वेळी बदली म्हणून दुसरा, आणि बाहेर ठरावीक अंतरावर टेबल मांडून तिसरा. भाजी-पाव वेळेवर येई. तिसऱ्या पक्षाच्या नावाची चिठ्ठी घेऊन एखादा पोरगा यायचा आणि दुपारनंतर दिसायचा नाही. कित्येक केंद्रांवर तर कोणीच नसे. संध्याकाळी यंत्र बंद केल्यावर किती मतदान झाले त्याची नोंद 17-सी या नमुन्यात करून प्रत्येक प्रतिनिधीला सहीची प्रत द्यायची असते. मोठे पक्ष ती जपून नेत, कारण मोजणीच्या दिवशी आकडे तिच्याशीच ताडायचे. तिसऱ्याची प्रत घ्यायला माणूस नसे. महिनाभर त्या पक्षाच्या नेत्यांची भाषणे पेपरात पहिल्या पानावर वाचलेली असायची, आणि त्याच्या मतांवर लक्ष ठेवायला गावातला एक माणूस नाही, याचे मला फार वाईट वाटे. त्यांना मते देणारी माणसे त्या रांगेत उभी होती ना!

म्हणून उमेदवार दारात आला की त्याला एवढेच विचार : आमच्या वाड्याच्या केंद्रावर संध्याकाळपर्यंत तुमच्याकडून कोण बसणार? त्याने नाव सांगितले आणि तो माणूस तुझ्या ओळखीचा निघाला, तर मत नि:शंक दे. या वेळी तो हरला तरी त्या मतावर पुढची निवडणूक उभी राहील. नाव सांगता आले नाही, तर त्या पक्षाला अजून वेळ आहे. मग तू स्वतःच बसायला तयार आहेस का, तेही बघ.

प्रश्न : बाई, मी मडगावची, बँकेतून निवृत्त झाले. पेपरात 'मध्यममार्गी पक्ष' असे वाचते. गोव्यात डावे कोण, उजवे कोण? आणि मगोला मध्यममार्गी म्हणायचे का? आमचे शेजारी ख्रिस्ती आहेत, त्यांच्याशी बोलताना हा विषय निघाला की आम्ही दोघीही थांबतो.

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात अर्धे उत्तर आलेले आहे. दोन शेजारणी जिथे थांबतात, तिथूनच गोव्यातला मधला रस्ता सुरू होतो.

डाव्या-उजव्याने इथले राजकारण मोजता येत नाही. इथली वाटणी पहिल्याच निवडणुकीत, डिसेंबर 1963 मध्ये झाली. एकीकडे भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो : बहुजन समाज, कूळ-मुंडकार (दुसऱ्याची जमीन कसणारे आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेले), मराठी शाळा, महाराष्ट्रात विलीनीकरण. दुसरीकडे डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स : मुख्यत्वे ख्रिस्ती समाज, कोकणी आणि गोव्याचे वेगळे अस्तित्व. युनायटेड गोवन्सला 12 जागा मिळाल्या, मगो त्याहून पुढे जाऊन सत्तेवर आला. दिल्लीत राज्य करणाऱ्या काँग्रेसला गोव्यातल्या 28 जागांपैकी एकही मिळाली नाही. मधला पक्ष म्हणायचा तर तेव्हा तोच होता. पण कुळांना तो भाटकारांचा, म्हणजे जमीनदारांचा वाटला आणि विलीनीकरणावर त्याचे बोलणे धड इकडचे नव्हते, धड तिकडचे नव्हते. पुढच्या सगळ्या मधल्या पक्षांनी हे लक्षात ठेवायला हवे होते. दोन्ही बाजूंना दुखवायचे नाही म्हणून गप्प राहणारा पक्ष मधला ठरत नाही, तो कोणाचाच ठरत नाही.

मग 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पाने. आमच्या घरी फूल होते, आणि मी प्राथमिक शाळेत असले तरी घरातली ती हुरहूर मला आठवते. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. विलीनीकरण 34,021 मतांनी पडले. आणि अवघ्या दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, त्यात ज्या मगोची मुख्य मागणी लोकांनी फेटाळली होती तोच मगो पुन्हा निवडून आला!

मला हे गोव्याच्या मतदाराचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. बहुजन समाजातल्या हजारो माणसांनी जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला आणि मार्चमध्ये सिंहावर. त्यांना गोवा वेगळा हवा होता आणि भाऊसाहेबही हवे होते, कारण कूळ कायदा भाऊसाहेबांच्या सरकारने आणला होता आणि गावोगावी मराठी शाळा उघडल्या होत्या. त्यांचे मत कोणत्याही एका पक्षाच्या जाहीरनाम्यात मावत नव्हते. गोव्याचा मतदार तेव्हाच मध्यावर येऊन उभा राहिला होता. त्याच्यापर्यंत पोचणारा पक्ष तेवढा आला नाही.

मगो तो पक्ष होऊ शकला असता, असे मला मनापासून वाटते. जमीन कसणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या भाटात घर असलेल्याला संरक्षण, हा कार्यक्रम पेडण्यातल्या हिंदू मुंडकाराइतकाच सासष्टीतल्या ख्रिस्ती मुंडकाराच्याही कामाचा होता. 1975 चा मुंडकार कायदा मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत झाला, त्याचा लाभ धर्म विचारून मिळत नव्हता. पण पक्षाची शाखा सासष्टीत रुजली नाही. पुढे युनायटेड गोवन्स संपला, 1980 मध्ये काँग्रेसच्या एका गटाने 30 पैकी 20 जागा घेतल्या आणि ते आमदार इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. मधली जागा तिथून बरीच वर्षे काँग्रेसची. मगोची ताकद मात्र तरीही मोठी होती. 1989 मध्ये काँग्रेस 20 आणि मगो 18, इतके जवळ! 1994 मध्ये भाजपशी युती केली तेव्हा मगोचे 12 आले, भाजपचे 4. पाच वर्षांनी मगो 4, भाजप 10. प्रादेशिक पक्षाने मोठ्या पक्षाला आपल्या घराचा दरवाजा उघडून दिला की काय होते, ते या चार आकड्यांत आहे.

भाषेवरही थोडे बोलते, कारण तुम्ही दोघी तिथेच थांबत असाल. राजभाषा कायदा 1987 चा. देवनागरी कोकणी राजभाषा, आणि मराठीचा शासकीय कामात वापर करण्याची तरतूद. त्याआधीच्या आंदोलनात आपली माणसे आपल्याच माणसांविरुद्ध रस्त्यावर आली. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले आणि घरात कोकणी बोलले. मराठीला तिचा मान मिळावा असे मला आजही वाटते. पण या प्रश्नावर मते मागून उभा राहणारा पक्ष गोव्याच्या अर्ध्याच भागात चालतो. 2017 मध्ये शिक्षणाच्या माध्यमावरून गोवा सुरक्षा मंच उभा राहिला. मागणी मला पटणारी होती, माणसे निष्ठावान होती, आणि जागा एकही आली नाही.

दोन्ही समाज एका मांडवात आलेले मी पाहिले ते जमिनीवरून. 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा बाहेर पडला तेव्हा डोंगर आणि शेते बांधकामाला मोकळी होणार हे लोकांना कळले. गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्या सभांत सासष्टीचे पाद्री आणि आमच्या फोंड्याकडचे कुळागरवाले एकमेकांशेजारी बसत. ते अभियान होते, पक्ष नव्हे. पण मध्य कुठे आहे ते त्याने दाखवले : जमीन, पाणी आणि गावातल्या मुलांना गावाजवळ काम. म्हादई नदीचे पाणी वळवले तर ते सत्तरीचेही तुटते आणि खाली खाडीकाठच्या खाजन शेतांनाही त्याची झळ बसते.

माझी कसोटी सांगते. ज्या पक्षाचा उमेदवार पेडण्यातही अनामत वाचवतो आणि सासष्टीतही, तो मध्यममार्गी. मगोचे 2022 चे दोन आमदार मडकई आणि मांद्रेचे, म्हणजे फोंडा आणि पेडणे तालुक्यांतले. आम आदमीचे दोन बाणावली आणि वेळ्ळीचे, दोन्ही सासष्टीत. 2017 चा गोवा फॉरवर्ड फातोर्डा, शिवोली आणि साळगाव अशा तीन जागांवर आला, म्हणजे सासष्टी आणि बार्देश दोन्हीकडे. माझ्या कसोटीच्या सर्वांत जवळ आलेला तोच. तो पुढे का टिकला नाही, ते खालच्या पत्रात येते.

शेजारणीशी बोलताना पुढच्या वेळी जमिनीपासून सुरुवात करून बघा, ताई.

प्रश्न : बाई, पेडण्याहून लिहितो. 2017 साली आम्ही सिंहाला मते दिली. दोन वर्षांत आमदार कमळात गेले. मग पक्ष बघून मत द्यायचे कशाला?

उत्तर : तुमचा राग योग्य आहे. काय घडले ते आधी कायद्याच्या अंगाने सांगते, कारण त्यातच तिसऱ्या पक्षाचे खरे दुखणे आहे.

पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालत असे. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती सोय गेली. आता दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण केले तर पद वाचते. मोठ्या पक्षाला हा आकडा जड जातो. तीन आमदारांच्या पक्षात तो दोनच. मार्च 2019 मध्ये मगोच्या तिघांपैकी पेडणे आणि सावर्डे इथले दोघे मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले. तिसरे, सुदिन ढवळीकर, उपमुख्यमंत्रिपदावरून गेले. त्याच जुलैमध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 जणांनी तोच मार्ग धरला. प्रकरण न्यायालयात गेले, पण या आमदारांना अपात्र न ठरवण्याचा सभापतींचा निर्णय फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कायम ठेवला. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने सांगते : दोन आमदारांच्या पक्षात दोघांनीही जायला हवे, तेव्हाच विलीनीकरण बसते. म्हणजे तीनपेक्षा दोन आमदारांचा पक्ष फोडायला कठीण.

शिवाय मंत्रिपदे. छोट्या राज्यात मुख्यमंत्री धरून 12 पर्यंत मंत्री असू शकतात. आपल्याकडे बहुमताला 21 लागतात. सत्तेत गेलेल्या दर दोघांत एकाहून अधिक मंत्री! एवढी ओढ इतर मोठ्या राज्यांतल्या आमदाराला नसते.

शपथांचा उपयोग होत नाही, हेही आपण पाहिले. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा, तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये 11 पैकी 8 गेले.

पण आमदार जाणे हे नंतरचे. मला त्याआधीची गोष्ट जास्त लागते. 2017 मध्ये मगो आणि गोवा फॉरवर्ड दोघेही भाजपविरोधात लढले आणि निकालानंतर पर्रीकर मुख्यमंत्री होतील या बोलीवर दोघेही भाजपबरोबर गेले. 2022 मध्ये मगो तृणमूलबरोबर लढला आणि निकालानंतर पुन्हा भाजपला पाठिंबा दिला. सत्तेत जाण्याने लोकांची कामे होतात हे मी नाकारत नाही. फोंडा तालुक्यातले रस्ते मी पाहते, आणि मडकईचे लोक 1999 पासून ढवळीकरांना निवडून देतात ते काही उगाच नव्हे. माझे म्हणणे असे, की मधल्या पक्षाने कोणाबरोबर जायचे ते जरूर ठरवावे, पण मतदानाआधी ठरवावे. त्रिशंकू विधानसभा आली तर आम्ही कोणाला आणि कोणत्या अटींवर पाठिंबा देऊ, हे जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर यावे. जमीन रूपांतराचे अमुक कलम रद्द करा, अमुक खाते आम्हाला नको, असे नावानिशी. मग निकालानंतर पक्ष कुठेही गेला तरी मतदार फसवला गेला असे कोणी म्हणणार नाही. मत मागायला येणाऱ्याला पेडण्यात हाच प्रश्न विचारा. 'निकाल लागल्यावर बघू' म्हणाला, तर त्याला परत पाठवा.

प्रश्न : बाई, मी सत्तरीतली, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही काही मुले-मुली एका नव्या पक्षाचे काम करायचे म्हणतो. आई म्हणते नोकरी बघ. कुठून सुरुवात करू?

उत्तर : आईचे ऐक, नोकरी बघ. आणि रविवारी हे काम कर. पोट दुसऱ्याच्या हातात असलेल्या कार्यकर्त्याला पहिल्याच आमिषाला वाकावे लागते, हे मी सरकारी नोकरीच्या आशेवर झेंडे धरणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

पहिले काम ग्रामसभा. आपल्या 191 पंचायतींच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, त्यामुळे तिथे तुला कोणी पक्षाची म्हणून अडवणार नाही. बांधकाम परवाने, डोंगरकापणी, नळाचे पाणी, सगळे तिथे बोलता येते. आधी इतिवृत्त मागून वाच. मागच्या सभेत झालेल्या ठरावाचे काय झाले, हा एकच प्रश्न उभे राहून विचार. पहिल्यांदा आवाज कापेल. विचार तरीही.

दुसरे काम मतदार यादी. आता वर्षातून चार तारखा असतात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. त्या तारखेला 18 पूर्ण होणाऱ्याला नाव घालता येते, आणि 17 पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो. तुमच्या वाड्यावरच्या सगळ्या मुलांचे नाव नोंदणीचे सहा नंबरचे अर्ज भरून घ्या. सासरी गेलेल्या मुलींची नावे बहुधा माहेरच्याच यादीत राहतात, ती बदलून घ्या. ज्याचा अर्ज तुम्ही भरला तो तुम्हाला विसरत नाही.

तिसरे, आणि हे सत्तरीच्या मुलीला मुद्दाम सांगते. तुझ्या कॉलेजात सासष्टीची, मुरगावची मुले असतीलच. त्यांच्या गावच्या ग्रामसभेला एकदा जाऊन बस, त्यांना तुमच्या गावी आण. तुमच्याकडे वाघाच्या जंगलाची आणि खाण बंद झाल्यावरच्या बेकारीची चर्चा असते, त्यांच्याकडे कोळसा वाहतुकीची आणि रेल्वेच्या दुहेरी मार्गाची. दोन्हीकडचे गाऱ्हाणे तोंडपाठ असलेला कार्यकर्ता आजघडीला एकाही पक्षाकडे पुरेसा नाही.

पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिही, अगदी चहाचासुद्धा, आणि दर महिन्याला तो सगळ्यांसमोर वाचून दाखवा. नेता कितीही आवडता असला तरी त्याला हिशेब विचारायची सवय पाच जणांत असतानाच लागते, पाचशे झाल्यावर लागत नाही.

पक्षाचे नाव तू कळवलेले नाहीस, मीही विचारत नाही. ग्रामसभा झाली की काय उत्तर मिळाले ते मात्र लिहून पाठव. या पानावर छापेन.